गाय उलटली, पण कांडीत काय झालं होतं?

रेतन करूनही गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली की आपण म्हणतो, ‘उलटली’. मग दोष कुणाचा यावर गोठ्यात चर्चा होते. कुणी गाईला नावं ठेवतं, कुणी डॉक्टरला, कुणी ‘वळूच बरोबर नसेल’ म्हणून मोकळं होतं. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं. पण कांडी गोठ्यापर्यंत येईस्तोवर आतल्या शुक्राणूंनी काय काय सोसलेलं असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांना थंडीइतकाच त्रास होतो तो पाण्याचा. पेशीत शिरणारं आणि पेशीतून बाहेर पडणारं पाणी.

कळंब तालुक्यात कपाशी, सोयाबीन, तूर हाच मुख्य व्यवहार. दुधाची दोन-चार जनावरं त्याच्या जोडीला. अशा घरात एक माज वाया गेला म्हणजे तीन आठवड्यांचा चारा आणि सरकीची ढेप बिनकामाची गेली. म्हणून ही कांडी आत कशी चालते ते नीट पाहू. विज्ञानाची पार्श्वभूमी नसली तरी काही अडणार नाही.

आधी कांडीच. ही प्लॅस्टिकची बारीक नळी पाव मिलिलिटरची असते, म्हणजे पाच-सहा थेंबांची. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे तिच्यात किमान 2 कोटी शुक्राणू असावे लागतात, आणि गोठवून पुन्हा वितळवल्यावर त्यातले निम्मे तरी सरळ पुढे पोहताना दिसावे लागतात. याचा अर्थ असा की प्रयोगशाळेतून उत्तम म्हणून पास झालेल्या कांडीतही बरेच शुक्राणू निकामी झालेले असू शकतात. हे धरूनच मात्रा ठरवलेली आहे. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा, जे आपल्या दारापर्यंत जिवंत आलेले असतात.

आता पाण्याकडे वळू. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात ताटलीत पाणी सुटतं आणि फोडी मऊ पडतात. जिकडे विरघळलेल्या कणांची गर्दी जास्त, तिकडे पाणी पातळ पडद्यातून ओढलं जातं. या ओढीला परासरण म्हणतात. गर्दी मोजायचं एकक आहे मिलिऑस्मोल. वळूच्या ताज्या रेतात ही गर्दी सुमारे 300 असते आणि शुक्राणूच्या आतही तेवढीच. दोन्हीकडे सारखं, म्हणून पाणी शांत.

बाहेर गर्दी वाढली की पाणी पेशीतून निघून जातं आणि शुक्राणू आक्रसतो. बाहेर गर्दी कमी झाली, म्हणजे साधं पाणी मिसळलं, की पाणी आत घुसतं आणि तो फुगतो. वळूचे शुक्राणू साधारण 270 ते 360 या पट्ट्यात व्यवस्थित पोहत राहतात. त्याबाहेर गेले की आधी पोहणं मंदावतं आणि आणखी पुढे गेलं तर बाहेरचा पडदाच फाटतो.

आक्रसणं आणि फुगणं हे दोन्ही सारखेच वाईट असतील असं आपल्याला वाटेल. तसं नाही. माणसाच्या शुक्राणूंवर 1995 मध्ये गाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप प्रसिद्ध केलं. आक्रसून मूळ आकारमानाच्या पाऊणपट झालेले शुक्राणू बहुतांशी सावरतात, पण एक दशांशाने फुगले की पोहण्याची ताकद ढासळू लागते. वळूचे आकडे थोडे वेगळे असतील. कल मात्र तोच. पडदा चुरगळलेला चालतो, ताणलेला चालत नाही. पुढच्या बऱ्याच सूचनांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

फुगण्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसते. प्रयोगशाळेत मुद्दाम 150 मिलिऑस्मोलचं, म्हणजे निम्म्या गर्दीचं, द्रावण करतात आणि त्यात शुक्राणू कोमट ठेवतात. ज्यांचा पडदा धड आहे त्यांच्यात पाणी शिरतं, आत कोंडतं, आणि शेपूट वळून तिची गुंडाळी होते. कुणाच्या टोकाशी बारीकसा आकडा, कुणाची अख्खी शेपटी डोक्याभोवती वेटोळी. ज्यांचा पडदा आधीच फाटलाय त्यांची शेपूट सरळच राहते, कारण पाणी आत कोंडायला भिंतच शिल्लक नसते. गंमत अशी की इथे वाकडी शेपूट म्हणजे चांगला शुक्राणू. ही चाचणी जयेंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मानवी रेतासाठी मांडली. पुढे ती गुरांसाठीही वापरात आली.

मत्स्यपालन करणाऱ्यांना यात वेगळंच नवल वाटेल. रोहू-कटल्याच्या जातीत पाणी लागणं हाच पोहायला सुरुवात करण्याचा इशारा असतो. नराच्या शरीरात शुक्राणू निपचित असतात. तळ्याच्या गोड्या पाण्यात पडले की बाहेरची गर्दी एकदम घटते आणि ते झपाट्याने धावू लागतात. पण ते पाणीच त्यांना मारतं, साधारण मिनिटभरात. माशाला तेवढा वेळ पुरतो. गाईच्या गर्भाशयात शुक्राणूला तासन् तास टिकायचं असतं.

शुक्राणूची आणखी एक अडचण आपण लक्षात घेऊ. तो जवळजवळ रिकामा असतो: डोक्यात घट्ट दाबून बसवलेलं आनुवंशिक द्रव्य, मानेखाली ऊर्जा पुरवणारा भाग, आणि शेपूट. त्वचेची किंवा यकृताची पेशी दुखावली तर नवी प्रथिनं बनवून डागडुजी करते. शुक्राणूकडे ती सोय नाही. एकदा झालेली इजा त्याच्या अंगावर तशीच राहते आणि पुढची इजा तिच्यावर चढते.

आता कांडी बनते कशी ते क्रमाने पाहू. राज्याच्या गोठीत रेत प्रयोगशाळा नागपूर, पुणे आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उभ्या केलेल्या ‘बाएफ’ संस्थेची उरुळी कांचनला आहे. पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच.

पहिली पायरी रेत घेण्याची. ते कृत्रिम योनीत घेतात. तिच्या दुहेरी भिंतीत गरम पाणी भरलेलं असतं. इथेच पहिली चूक होऊ शकते: भिंतीतलं पाणी झिरपून रेतात पडणं, किंवा धुतलेली काचनळी ओली राहणं. एवढ्याशा पाण्यानेही नळीच्या तळाशी गर्दी घटते आणि तिथले शुक्राणू फुगतात. म्हणून प्रयोगशाळेत सगळी भांडी नुसती स्वच्छ असून भागत नाही, ती खडखडीत कोरडी लागतात.

दुसरी पायरी रेत पातळ करण्याची. त्यासाठीच्या द्रावणाला विरलक म्हणतात. त्यात आम्लता सांभाळणारे क्षार, साखर, प्रतिजैविक आणि अंड्यातला पिवळा बलक असतो, बलक साधारण पाचवा हिस्सा. बलक कशासाठी? शुक्राणूचा पडदा स्निग्ध पदार्थांचा असतो. तो 15 अंशांवरून 5 अंशांकडे झपाट्याने गार केला तर जागोजागी थिजतो आणि गळू लागतो. याला शीत-धक्का म्हणतात. बलकातले स्निग्ध कण पडद्याला आधार देतात. आपल्याकडे घरोघरी पिकणाऱ्या सोयाबीनमधलं लेसिथिन वापरूनही बलकाशिवायची विरलकं बनवली जातात. आधार कसलाही असला तरी गार करण्याची घाई चालत नाही. तास-दीड तास, कधी त्याहून जास्त वेळ लावून ते 4-5 अंशांवर आणतात.

तिसरी पायरी या सगळ्यातली कळीची, आणि तिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पाणी शून्याखाली गोठतं तेव्हा बर्फ शुद्ध पाण्याचाच होतो. क्षार मागे राहतात. शुक्राणूभोवती बर्फ धरू लागला की उरलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात, गर्दी 300 वरून हजारांत जाते आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. फार हळू गोठवलं तर शुक्राणू या दाट खाऱ्या पाण्यात जास्त वेळ राहून मरतो. फार झपाट्याने गोठवलं तर आतलं पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते आतच गोठतं आणि बर्फाचे स्फटिक पेशीची रचना मोडतात. पीटर मेझर या शास्त्रज्ञाने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ही दुहेरी कोंडी मांडली. हळू गेलं तरी मरण, घाई केली तरी मरण. मधली वाट अरुंद.

ती वाट रुंद करणारा पदार्थ 1949 मध्ये सापडला, तोही बाटलीवरच्या चुकीच्या चिठ्ठीमुळे. लंडनजवळ मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत क्रिस्टोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचं रेत गोठवायचा प्रयत्न करत होते. एका साखरेच्या द्रावणाने काहीच साधत नव्हतं. मग त्याच नावाच्या साठवून ठेवलेल्या बाटलीने एकदम यश दिलं. उरलेल्या द्रावणाची तपासणी केली तर साखरेचा पत्ता नाही. आत ग्लिसरॉल आणि प्रथिन. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ग्लिसरॉल म्हणजे आपल्या ओळखीचं ग्लिसरीन, थंडीत फुटलेल्या ओठांना लावतात ते. दोनच वर्षांत, 1951 मध्ये, गोठवलेल्या रेतापासून वासरू झाल्याचं इंग्लंडमधून जाहीर झालं.

अशा पदार्थाला शीतरक्षक म्हणतात, म्हणजे गोठताना पेशीला वाचवणारा. ग्लिसरॉल पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतो, त्यामुळे त्याच तापमानाला बर्फ कमी होतो आणि उरलेल्या पाण्यात क्षार तितके दाटत नाहीत. शिवाय तो पेशीच्या आत जाऊ शकतो, म्हणून आतही तेच काम करतो.

तिसरी पायरी म्हणजे हा ग्लिसरॉल रेतात घालणं. पण तोही पेशीला फुकटात मिळत नाही. विरलकात ग्लिसरॉल साधारण 6 ते 7 टक्के असतो. तेवढ्याने बाहेरची गर्दी 300 वरून हजाराच्या वर, जवळजवळ चौपट होते. पाण्याचा रेणू लहान; पडद्यातल्या त्याच्या खास वाटांमधून तो क्षणात ये-जा करतो. ग्लिसरॉल मागाहून, सावकाश येतो. म्हणून ग्लिसरॉल घालताच शुक्राणू आधी झटकन आक्रसतो. मग ग्लिसरॉल आत शिरू लागला की त्याच्यामागे पाणी परततं आणि आकार पूर्ववत होतो. आक्रसण्याची बाजू तुलनेने सुरक्षित असल्यामुळे हे बहुतेकांना झेपतं. तरीही ग्लिसरॉल फार झाला तर तो स्वतःच विषासारखा वागतो. काही ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने घालतात. त्यानंतर रेत 4 अंशांवर काही तास, बहुधा चार, तसंच ठेवतात. पाणी, क्षार आणि ग्लिसरॉल यांचा आतबाहेर मेळ बसावा म्हणून ही थांबणूक.

चौथी पायरी गोठवण्याची. कांड्या द्रवनत्राच्या, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या, वाफेत काही मिनिटं ठेवतात. उणे सव्वाशे-एकशे चाळीस अंशांपर्यंत गेल्या की उणे 196 अंशांच्या द्रवात बुडवतात. बहुतेक पडझड उणे 5 ते उणे 50 अंशांच्या पट्ट्यात होते. उणे 130 च्या खाली पेशीत काहीच हलत नाही. न क्षार, न पाणी. कांडी खरोखर द्रवात बुडालेली राहिली तर आत वय वाढत नाही. दहा वर्षांपूर्वीची कांडीही गाय गाभण ठेवते.

‘खरोखर बुडालेली’ या शब्दांवर मी अडतो, कारण पाचवी पायरी वाहतुकीची आहे आणि प्रयोगशाळेची शिस्त इथे पातळ होते. कांड्या द्रवनत्राच्या पात्रातून जिल्ह्याला, तिथून तालुक्याच्या दवाखान्यात आणि पुढे मोटरसायकलला बांधलेल्या लहान पात्रातून गावोगाव जातात. द्रवनत्र सतत उडत असतं. पातळी घसरली की वरच्या कांड्या उघड्या पडतात. पातळी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने मोजतात: पट्टी बुडवून बाहेर काढली, हवेत हलवली, की जिथवर दव गोठून पांढरं होतं तिथवर द्रव आहे. एक सावधगिरी सगळ्यांसाठी: हे पात्र बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत ठेवू नये. एका लिटरचा जवळपास 700 लिटर वायू होतो आणि श्वासाची हवा हटवतो.

त्याहून नेहमीची चूक म्हणजे एक कांडी शोधताना अख्खा डबा पात्राच्या तोंडाबाहेर उचलून वाचत बसणं. पाव मिलिलिटरची कांडी हवेत काही सेकंदांतच धोक्याच्या पट्ट्याकडे सरकते. मे महिन्यात कळंबला पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा विचारायलाच नको. पुन्हा बुडवली की ती दिसायला तशीच दिसते. आत मात्र बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे झालेले असतात. असं चार-पाच वेळा झालं तर कांडीवर वळूचा क्रमांक, जात, तारीख सगळं शाबूत, आणि आत काहीच नाही. डबा तोंडाच्या खालीच ठेवायचा, चिमट्याने कांडी काढायची, पाच-सात सेकंदांत काम झालं नाही तर डबा परत बुडवून पुन्हा सुरुवात करायची.

सहावी पायरी आपल्या गोठ्यात, आपल्या डोळ्यांसमोर होते: वितळवणं. नियम 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद. झपाट्याने का? सावकाश वितळवलं तर कांडी त्याच धोक्याच्या पट्ट्यातून रेंगाळत जाते. खिशात, तळहातात, काखेत धरून वितळवणं म्हणूनच वाईट. आणि 37 अंश हे थर्मामीटरनेच बघायचे. ‘हाताला कोमट’ हा अंदाज जानेवारीत एक असतो आणि एप्रिलमध्ये दुसरा. उन्हात तापलेल्या टाकीच्या तोटीचं पाणी उन्हाळ्यात शुक्राणूंना भाजू शकतं, हिवाळ्यात तेच पाणी कमी पडतं. गरम पाण्याची छोटी सोय आणि थर्मामीटर आपण घरी ठेवला तर येणाऱ्या माणसाचं काम सोपं होतं. त्याला राग येत नाही, बरंच वाटतं.

सातवी पायरी अर्ध्या मिनिटाची, पण सर्वांत दुर्लक्षित: कांडी पुसणं. वितळलेल्या कांडीबाहेर पाण्याचा थेंब लोंबत असतो. कापताना तो आत उतरला किंवा रेतनाच्या गनवरच्या आवरणात, म्हणजे शीथमध्ये, रेताला लागला तर तिथली गर्दी झटकन खाली येते. पाणी आत शिरतं लगेच, ग्लिसरॉल बाहेर पडतो सावकाश, आणि त्या मधल्या वेळात शुक्राणू फुगतो. वर पाहिलंच आहे, फुगणं त्याला झेपत नाही. कोरड्या कापडाने किंवा टिश्यूने कांडी टोकापासून टोकापर्यंत पुसायची. मग कापसाच्या बुचाची बाजू गनमध्ये घालायची आणि बंद केलेलं दुसरं टोक सरळ कापायचं. तिरकं कापलं तर कांडी शीथमध्ये नीट बसत नाही आणि रेत मागे पाझरतं.

थंडीच्या सकाळी गन बर्फासारखी गार असते. 37 अंशांवर आणलेलं रेत तिच्यात भरलं तर दुसऱ्या पायरीतला शीत-धक्का पुन्हा बसतो. गन हाताने चोळून उबदार करून घ्यावी आणि भरल्यावर कपड्याआड धरावी. वितळलेली कांडी दहा-पंधरा मिनिटांत वापरावी. गाय बिथरली, वेळ गेला, तर ती कांडी परत द्रवनत्रात टाकून उपयोग नाही.

गाईची बाहेरची बाजू धुतली असेल तर तीही कोरडी करावी. साबण आणि जंतुनाशक शुक्राणूंना पाण्याहून वाईट. गनचं टोक गर्भाशयाच्या मुखातून पार होताच रेत सावकाश सोडायचं. तिथल्या द्रवात ग्लिसरॉल नसल्यामुळे शुक्राणू पुन्हा एकदा थोडे फुगतात; वळूच्या शुक्राणूच्या पडद्यातून ग्लिसरॉल बऱ्यापैकी निसटतो, म्हणून त्यातले पुष्कळ तगतात.

हे सगळं सोसलेल्या शुक्राणूंचं आयुष्य मात्र ताज्यांपेक्षा कमी असतं. गोठण्या-वितळण्याने पडद्यात असे बदल होतात की ते वेळेआधीच ‘पिकतात’. म्हणून गोठीत रेतात वेळेला जास्त महत्त्व. माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. स्त्रीबीज माज सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 30 तासांनी सुटतं. म्हशीत माज मुका असतो, त्यामुळे सोट आणि वागणूक पहाटे व रात्री दोन्ही वेळा पाहावी लागते. म्हशीचं रेत गोठण्याला गाईपेक्षा जास्त नाजूकही असतं.

कालवडीच हव्यात म्हणून आता लिंगनिर्धारित कांड्या मिळतात. त्यांतून सुमारे नव्वद टक्के माद्या होतात. पण त्यांत बहुधा 20 ते 40 लाखच शुक्राणू असतात, आणि ते वेगळे काढण्याच्या यंत्रातूनही गेलेले. साध्या कांडीत खपून जाणारी ढिलाई इथे खपत नाही. माझ्या मते अशी महागडी कांडी पहिल्यांदा वापरायची तर नियमित माज येणाऱ्या, अंगाने भरलेल्या कालवडीवरच वापरावी. आधीच दोनदा उलटलेल्या गाईवर नको.

रेतन झाल्यावर रिकामी कांडी मागून घ्या, तिच्यावरचा वळू क्रमांक आणि आजची तारीख वहीत उतरवा. अठराव्या ते चोविसाव्या दिवशी पुन्हा माजाची खूण आहे का ते बघा. नसेल तर दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्या. वहीत एकाच गावात, एकाच पात्रातून आलेल्या कांड्यांवर वेगवेगळ्या घरच्या गाई उलटताना दिसल्या तर पात्राची पातळी विचारायला हरकत नाही. आणि एकच गाय तीनदा उलटली, बाकीच्यांच्या राहिल्या, तर चौथी कांडी भरण्याआधी त्या गाईचं गर्भाशय तपासून घ्या.